बाबागाडी, तलवार आणि कापलेला पवित्रा

आपला प्रश्न मला समजला तो असा. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात वसतिगृहात राहत असताना आपण एका घासून जुन्या झालेल्या व्हिडिओ कॅसेटवर ‘शोगुन असॅसिन’ हा इंग्रजीत डब केलेला जपानी चित्रपट पाहिला. लाकडी बाबागाडी ढकलत निघालेला तो तलवारबाज, गाडीतला त्याचा अबोल मुलगा आणि कारंज्यासारखे उडणारे रक्त ही चित्रे तेव्हापासून आपल्या मनात ठाण मांडून बसली. आता त्यामागच्या ‘लोन वुल्फ अँड कब’ या मालिकेच्या मूळ सहा जपानी चित्रपटांचा संच हाती आला, आपण उत्साहाने पहिला भाग लावला, आणि तो आपल्याला संथ वाटला. रक्त रंगाच्या डब्यातले वाटले. अर्ध्यावर उठून आपण चहा करून आलात. मालिका मुळातच सामान्य होती की आपली नजर आता निबर झाली आहे, असे आपण विचारता. पुढचे भाग कोणत्या क्रमाने पाहावेत आणि चौदा वर्षांच्या मुलाला सोबत बसवावे का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी व्यवसायाने चित्रपट-मालिकांचा संकलक (एडिटर) आहे आणि गेली काही वर्षे कोथरूडमधल्या घरी महिन्यातून एकदा दहा-बारा जणांना जमवून जुने चित्रपट दाखवतो. ही मालिका आम्ही दोनदा पूर्ण पाहिली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपण विचारलेल्या दोन्ही शक्यता चुकीच्या आहेत. आपण ही मालिका पुन्हा पाहत नसून पहिल्यांदाच पाहत आहात, ही खरी अडचण आहे.

‘शोगुन असॅसिन’ हा 1980 साली अमेरिकेत तयार झालेला चित्रपट आहे. रॉबर्ट ह्यूस्टन यांनी मूळ मालिकेच्या पहिल्या भागातली सुमारे बारा मिनिटे घेतली, त्यांना दुसऱ्या भागाचा बहुतांश मजकूर जोडला, मूळ संगीत काढून सिंथेसायझरचे संगीत घातले आणि मूळ चित्रपटात जवळजवळ गप्प असणाऱ्या मुलाला निवेदक केले. यागयू घराण्याचा कारस्थानी प्रमुख रेत्सुदो हाच तिथे वेडसर शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, होऊन बसला. रॉजर कॉर्मन यांच्या कंपनीने तो वितरित केला. पुढे 1995 साली जिझा या रॅप गायकाने आपल्या ‘लिक्विड स्वॉर्ड्स’ या अल्बमात त्यातले निवेदन वापरले, आणि 2004 साली ‘किल बिल’च्या दुसऱ्या भागात आई आणि मुलगी झोपण्यापूर्वी हाच चित्रपट लावतात. थोडक्यात, जगभरच्या आपल्या पिढीच्या आठवणीत जे आहे ते बहुतेक याच आवृत्तीतले आहे. ती आवृत्ती मी तुच्छ मानत नाही. दोन चित्रपटांतून एक सलग, वेगवान तिसरा चित्रपट काढणे हे कसबाचे काम आहे, आणि मुलाचा आवाज ही कल्पना तर फार प्रभावी आहे. परंतु त्या संकलनात एक गोष्ट पद्धतशीरपणे नाहीशी झाली, आणि आपल्याला पहिला भाग संथ वाटण्याचे कारण तेच आहे.

हे समजावण्यासाठी माझ्याच एका चुकीची हकिगत सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी मी एका ऐतिहासिक मालिकेचे संकलन करत होतो. एका भागात दांडपट्ट्याची लढत होती आणि त्यासाठी मर्दानी खेळाच्या एका वस्तादांनी आपली मुले पाठवली होती. वाहिनीची सूचना अशी होती की दर तीन सेकंदांना पडद्यावर काहीतरी घडले पाहिजे. मी निमूटपणे लढतीतली सगळी थांबणी काढली. पाय रोवणे, पट्ट्याचे टोक जमिनीकडे झुकवून उभे राहणे, एकमेकांभोवती फिरणे, सगळे गेले आणि वार तेवढे उरले. वस्ताद संकलनाच्या खोलीत येऊन ते पाहून गेले. पाहून झाल्यावर बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढेच म्हणाले, “पवित्रा कुठं गेला? पवित्रा दिसला न्हाई तर वार कुठनं आला ते कळणार कसं?” मी वाहिनीकडे बोट दाखवले. ते हसले आणि चहा न घेता गेले. भाग तसाच प्रसारित झाला आणि ती लढत आज माझ्याही लक्षात नाही.

वारातला जोर वारात नसतो, त्याच्या आधीच्या थांबण्यात साठलेला असतो, हे मी तोवर पुस्तकी ज्ञान म्हणून जाणत होतो. प्रेक्षकाच्या डोळ्याला आधी भूगोल कळावा लागतो: कोण कुठे उभा आहे, दोघांमध्ये किती हातांचे अंतर आहे, सूर्य कोणाच्या डोळ्यांवर आहे, पायाखाली गवत आहे की वाळू. हे कळण्याआधीच वार झाला तर डोळ्याला फक्त हालचाल दिसते, धोका दिसत नाही. ‘सवाई’त एखाद्या गायकाची विलंबित ख्यालातली बढत कापून ध्वनिमुद्रणात फक्त द्रुत ठेवले तर टाळ्या ऐकू येतील, पण त्या कशासाठी पडल्या ते कळणार नाही. अमेरिकन आवृत्तीने या मालिकेचे असेच केले आहे, आणि आपल्या कानाला त्या द्रुताची पंचवीस वर्षे सवय झालेली आहे.

आता मूळ वस्तूकडे येऊ. काझुओ कोइके यांनी लिहिलेली आणि गोसेकी कोजिमा यांनी चितारलेली ‘कोझुरे ओकामी’ ही चित्रकथा जपानमध्ये 1970 ते 1976 या काळात प्रसिद्ध होत होती. ग्रंथरूपात तिचे 28 खंड आहेत. इंग्रजीत ती ‘लोन वुल्फ अँड कब’ या नावाने ओळखली जाते. ओगामी इत्तो हा शोगुनचा अधिकृत शिरच्छेदक आहे. ज्या सरदाराला पोट फाडून घेण्याची आज्ञा होते त्याचे मस्तक उडवण्याचे काम त्याचे. यागयू घराणे ते पद बळकावण्यासाठी त्याच्या बायकोचा खून करवते आणि त्याच्या घरच्या देवळात शोगुनच्या राजचिन्हाची मृत्युपाटी, म्हणजे मृतांच्या स्मरणार्थ ठेवतात तशी पाटी, लपवून त्याच्यावर राजद्रोहाचा आळ आणते. तो मरण नाकारतो, पाचशे र्‍यो (त्या काळची सोन्याची नाणी) घेऊन खून करणारा भाडोत्री मारेकरी होतो आणि मुलाला, दाइगोरोला, सोबत घेऊन वाटेला लागतो. चित्रकथा अजून चालू असतानाच 1972 ते 1974 या काळात सहा चित्रपट निघाले, त्यांतले चार तर 1972 या एकाच वर्षात. पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग केंजी मिसुमी यांनी दिग्दर्शित केला, चौथा बुइची साइतो यांनी आणि सहावा योशियुकी कुरोदा यांनी. इत्तोची भूमिका करणारे तोमिसाबुरो वाकायामा हे ‘झातोइची’ या आंधळ्या तलवारबाजाच्या चित्रपटांमुळे प्रसिद्ध असलेल्या शिंतारो कात्सू यांचे थोरले बंधू, आणि सुरुवातीच्या भागांचे निर्माते कात्सू हेच होते. वाकायामा तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. आपल्याकडे तालमीत कोपऱ्यात बसून पोरांच्या कुस्त्या पाहणारा एखादा आडव्या अंगाचा जुना पैलवान असतो, तसे ते दिसतात. उठला की मात्र कळते.

मिसुमी हे डाइए या कंपनीच्या क्योतो स्टुडिओत वाढलेले दिग्दर्शक. 1962 साली पहिला ‘झातोइची’ त्यांनीच केला होता. दूरचित्रवाणीने प्रेक्षक ओढून नेल्यामुळे जपानी स्टुडिओ डबघाईला आले होते आणि 1971 च्या अखेरीस डाइए दिवाळखोरीत निघाली. घरच्या छोट्या पडद्यावर जे दाखवता येणार नाही ते दाखवणे, हा त्या काळच्या चित्रपटगृहांचा तगून राहण्याचा मार्ग होता. रक्ताचा हा भडिमार बराचसा तिथून आला आहे. रक्त उसळण्याची ती पद्धत मात्र आधीची आहे. अकिरा कुरोसावा यांच्या 1962 सालच्या ‘सान्जुरो’च्या शेवटी दोघे तलवारबाज कितीतरी वेळ समोरासमोर निश्चल उभे राहतात आणि मग एकाच वारात रक्ताचा लोट उसळतो. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सभागृहात कोणीतरी मोठ्याने “अरे!” म्हणाले होते. त्या ठिकाणी रक्त एकदाच येते आणि संपूर्ण चित्रपटाचा पवित्रा त्याच्यामागे उभा असतो. मिसुमींनी तोच लोट रंगीत केला, पुन्हा पुन्हा वापरला आणि त्याला जवळजवळ नक्षीचे रूप दिले. त्यामुळे ते आपल्याला रंगाच्या डब्यातले वाटले तर त्यात आपली चूक नाही. ते खरे वाटावे असा त्यांचा आग्रहच नव्हता. लांबरुंद चौकटीत, हिरव्या गवतावर किंवा फिकट वाळूवर तो लाल पट्टा कुठे ओढला जातो, याकडे त्यांचे लक्ष आहे.

आपण चहा करायला उठलात तो प्रसंग कोणता हे मला ठाऊक नाही, परंतु पहिल्या भागातले गवताळ माळावरचे द्वंद्व पुन्हा पाहा अशी माझी विनंती आहे. यागयूंचा निवडक तलवारबाज सूर्य पाठीशी घेऊन उभा आहे, म्हणजे ऊन इत्तोच्या डोळ्यांवर. आणि इत्तोने मुलाला पाठीशी बांधले आहे. कोणत्याही हिशेबाने इत्तो तोट्यात आहे. मिसुमी हा तोटा आपल्याला सावकाश, पुरेपूर दाखवतात. मग दोघे धावतात, इत्तो खाली झुकतो, आणि मुलाच्या कपाळावर बांधलेल्या आरशातून तेच ऊन प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत जाते. सूर्याची जागा आधी ठसली नसती तर हा आरसा म्हणजे जादूचा खेळ ठरला असता. मुलाला लढाईत आणणे हा त्या बापाचा दुबळेपणा नसून शस्त्र आहे, हेही त्याच झुकण्यात कळते आणि अंगावर काटा येतो. संपूर्ण मालिका मला त्या एका हालचालीत दिसते.

त्याच भागात बापाने रांगत्या मुलापुढे चेंडू आणि तलवार ठेवण्याचा प्रसंग आहे. चेंडू निवडलास तर तुला आईकडे पाठवीन, म्हणजे मारीन. तलवार निवडलीस तर माझ्याबरोबर चल. या प्रसंगाचे वर्णन बहुतेक लोक ‘मुलाने तलवार निवडली’ असे करतात. आमच्या घरच्या खेळात एका बाईंनी आक्षेप घेतला की रांगणारे मूल निवड करत नसते, ते चकाकणाऱ्या वस्तूकडे जाते, आणि बापाला हे ठाऊक असणारच. त्यावरून रात्री साडेअकरापर्यंत वाद झाला. माझे मत त्या बाईंच्या बाजूने आहे: इत्तो मुलाला विचारत नाही, तो स्वतःच्या निर्णयावर मुलाचा अंगठा घेतो. चित्रपट यावर काहीच भाष्य करत नाही. मुलाच्या चेहऱ्याकडे तो बराच वेळ पाहत राहतो, इतकेच.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपल्याला मीच ठरवून देणे योग्य नाही. आपण हे चित्रपट फोनवर पाहणार असाल तर माझे वरचे सगळे म्हणणे फुकट आहे, कारण चौकटीच्या दोन टोकांना उभी असलेली माणसे तिथे मुंगीएवढी दिसतात. उपशीर्षके वाचण्याची सवय नसेल तर पहिला अर्धा तास त्यातच जाईल. आणि मुख्य म्हणजे स्त्रियांवरील अत्याचाराची दृश्ये आपल्याला कितपत सोसतात, याचा विचार आधी करावा लागेल. तिसऱ्या भागाच्या आरंभी बलात्काराचा प्रसंग आहे. चौथ्या भागात गोंदवून घेतलेल्या स्त्री-मारेकरणीच्या नग्नतेचा कथानकाने वापर करून घेतला आहे. त्या काळच्या बाजाराची ती मागणी होती असे सांगता येते, परंतु त्यामुळे ती दृश्ये आज पाहायला सोपी होत नाहीत. आमच्याकडे तिसऱ्या भागाच्या वेळी दोघे जण उठून गेले आणि मी त्यांना थांबा म्हणालो नाही.

क्रमाबद्दल माझा सल्ला थोडा वेगळा आहे. सलग पाहू नका. प्रत्येक भाग दीड तासाच्या आतला आहे, त्यामुळे सुटीच्या दिवशी दोन-तीन उरकण्याचा मोह होतो. तसे केले की रक्ताची नक्षी रक्ताच्या हिशेबात बदलते आणि माणूस बधिर होतो. आठवड्याला एक पुरे. पहिला भाग आपण पुन्हा सुरुवातीपासून पाहावा आणि लगेचच्या आठवड्यात दुसरा, कारण आपल्या आठवणीतला बहुतेक ऐवज दुसऱ्यातलाच आहे आणि तिथे आपल्याला जुने व नवे संकलन शेजारी ठेवता येईल. माझ्या मते दुसरा भाग मालिकेतला सर्वोत्तम आहे. वाळूच्या टेकड्यांवरचा शेवट आठवतो का? तीन भावांपैकी अखेरचा, मानेवर वार बसल्यावर, पडण्याआधी उभ्या उभ्या बोलतो: अशा जखमेतून वाऱ्याच्या शिळेसारखा आवाज येतो असे म्हणतात, तो आवाज कधीतरी दुसऱ्याच्या मानेतून ऐकावा अशी इच्छा होती, आणि आता तो स्वतःच्याच मानेतून येतो आहे. मरणारा माणूस स्वतःच्या जखमेचा श्रोता होतो, अशी कल्पना करणारा लेखक निव्वळ रक्तपात विकत नसतो.

तिसरा भाग मनाची तयारी असेल तर पाहा. त्यात खरा सामुराई कोण या प्रश्नाने पछाडलेला कानबेइ हा भाडोत्री तलवारबाज आहे, आणि त्याचे मस्तक धडावेगळे झाल्यावर कॅमेराच त्या मस्तकाच्या नजरेने गडगडत जातो. चौथा सोडला तरी चालेल, केवळ पेटलेल्या गवतात हरवलेल्या दाइगोरोसाठी पाहायचा असेल तर पाहावा. पाचवा मात्र चुकवू नका. तिथे पाच दूत प्रत्येकी शंभर र्‍यो आणि कामगिरीचा एक-एक तुकडा घेऊन इत्तोला आडवे येतात, आणि दुसरीकडे एका पाकीटमार बाईला दिलेला शब्द पाळण्यासाठी दाइगोरो चाबकाचे फटके खातो पण तोंड उघडत नाही. बाप गर्दीत उभा राहून पाहतो. या भागाच्या शेवटी इत्तो जे करतो त्यानंतर त्याला नायक म्हणणे मला तरी जमलेले नाही. सहाव्यात बर्फावर बाबागाडीला पट्ट्या लावून घसरगाडी केली आहे, ते मजेचे आहे. पण रेत्सुदो त्यातही निसटतो. सुडाची एवढी मोठी मालिका सूड पूर्ण न होताच संपते, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे सहाव्या भागाच्या शेवटी आपण सातवा शोधत बसणार नाही. हिशेब चुकता होताना पाहायचा असेल तर चित्रकथेच्या शेवटच्या खंडाकडे जावे लागते.

आता आपल्या मुलाबद्दल. चौदा वर्षांची मुले आज फोनवर याहून वाईट पाहतात, हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो आणि मला तो पटत नाही. मुलाने चोरून काही पाहणे आणि बापाने शेजारी बसवून दाखवणे यांचा अर्थ सारखा होत नाही. पहिला भाग एका बालसरदाराच्या शिरच्छेदाने सुरू होतो. दुसऱ्यात यागयूंच्या स्त्रिया एका माणसाचे एकेक अवयव तोडून आपले कसब सिद्ध करतात. मी माझ्या मुलीला ही मालिका ती अठराची झाल्यावर दाखवली. त्याआधी, ती तेराची असताना, ‘सान्जुरो’ दाखवला होता. आपणही तसेच करावे असे मला वाटते. तो चित्रपट विनोदीही आहे, रक्त एकदाच आहे, आणि त्या एका वारासाठी थांबायला मूल शिकले की पुढचे सोपे जाते. माझी मुलगी त्या शेवटच्या निश्चल क्षणी कंटाळून “आता काय?” म्हणाली होती, आणि पुढच्याच क्षणाला तिने माझा दंड धरला.

शेवटी एक अगदी व्यावहारिक सूचना. दुसऱ्या भागात शत्रूंनी दाइगोरोला दोरीने विहिरीवर टांगलेले असते आणि इत्तोला तलवार टाकायला सांगितले जाते. मूल काही बोलत नाही. पायातली एक वहाण खाली सोडून देते. ती पाण्यावर पडल्याचा आवाज किती वेळाने येतो त्यावरून बापाला विहिरीची खोली कळते आणि मग तो हलतो. त्या आवाजापर्यंतची शांतता हाच तिथला पवित्रा आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात गैरसोय होईल, पण तो प्रसंग येण्याआधी छताचा पंखा बंद करा. आमच्याकडे पहिल्या खेपेला तो चालू राहिला होता, आणि वहाण पडली हे अर्ध्या लोकांना कळलेच नाही.